कुसाबाईचा शब्द

रावजी तात्यांच्या पायांकडे मखमलाबादेत आता कोणी बघत नाही. आधी बघायचे. भर वैशाखात, डांबर मऊ व्हायच्या दिवसांत, साठी ओलांडलेला हा माणूस अनवाणी गणेशवाडीच्या फुलबाजारात यायचा, तेव्हा हमाल बाजूला सरून वाट द्यायचे आणि चहावाला ग्लास पुढे करताना जरा वाकायचा. तात्यांना ते बरं वाटायचं. माणूस दुःखातसुद्धा थोडा मिरवून घेतोच, आणि रावजी तात्या तर जन्माचे मिरवे. तरुणपणी पोळ्याला त्यांचा फेटा बैलांच्या झुलीपेक्षा भारी असायचा.

त्या अनवाणी पायांमागे काय आहे ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. निदान गावाला तसं वाटत होतं. तात्यांच्या वहिनीला, कुसाबाईला, त्यातलं थोडं जास्त ठाऊक होतं आणि ती बोलत नव्हती.

कुसाबाई म्हणजे एवढीशी बाई. उभी राहिली तर शेवंतीच्या वाफ्यातून डोकंच काय ते वर दिसावं. नवरा केरू लवकर गेला. पदरात एक मुलगा, दीपक. शेजारच्याच मळ्यात धाकटा दीर रावजी. चुली दोन, विहीर एक. केरूच्या मागे कुसाबाईने फुलांचा मळा असा काही राखला की भले भले बागाईतदार बांधावर उभे राहून बघायचे. तिची एक खोड होती. जे काही सांगायचं ते ती काम करता करता सांगायची. दीपकचं लग्न ठरल्याचं तिने तात्यांना पाठीवर औषधाचा पंप असताना सांगितलं होतं आणि नात झाल्याचं मोटर सुरू करता करता. खाली बसून चार शब्द बोलायला ती काय सरपंच लागून गेली होती? बसून बोलायचं ते पाहुण्यांशी, असा तिचा हिशेब.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या मळ्यात श्वास घ्यायला उसंत नसते. त्या वर्षी त्याच दुपारी चंदर आला. चंदर त्यांच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. दारू पिऊन गाडी चालवतो म्हणून दीपकने त्याला महिनाभर आधी काढून टाकलं होतं. कुसाबाई बाजारात होती, तात्या दुसऱ्या टोकाला मजूर बायकांबरोबर. पत्र्याच्या शेडमध्ये दीपक आणि त्याची बायको मंजुषा फुलं भरत होती. चंदर कोयता घेऊन आत शिरला. दीपकला मारलं, आडवी आली म्हणून मंजुषालाही मारलं. दोघांची मुलगी वैष्णवी, तेव्हा दुसरीतली, क्रेटच्या थप्पीमागे बसून फुलांच्या पाकळ्या मोजत होती. ती तिथेच बसून राहिली. तात्या धावत आले तेव्हा पोर क्रेटच्या फटीतून बघत होती आणि तिच्या मुठीत झेंडूची पाकळी चुरगळलेली होती.

दहाव्याला सगळे रामकुंडावर जमले. रामकुंडावरचे कावळे म्हणजे बसून खाऊन माजलेले. एरवी पिंड ठेवायचा अवकाश, की तुटून पडतात. त्या दिवशी मात्र भिंतीवर ओळीने बसले आणि हलेनात. आपल्याकडे अशा वेळी काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय असं समजून घरचे एकेक जण पुढे होतात, हात जोडतात आणि शब्द देतात. तात्यांचा मुलगा ज्ञानेश बोलला, “दादा, मळा पडीक राहणार नाय.” कावळा आला नाही. कोणी म्हणालं दोघांची वर्षश्राद्धं नीट करू, कोणी काय. ऊन चढायला लागलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेव्हा तात्या पुढे झाले. त्यांचा आवाज मुळातच मळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा. “दीपक! मंजू! त्या चंदरला फासावर चढवल्याबिगर हा रावजी पायात वहाण घालणार नाय!” कुंडावरची परकी माणसंही वळून बघायला लागली. आणि भिंतीवरून एक कावळा उतरला, दोन्ही पिंडांना शिवला. बायका हमसून हमसून रडल्या. पायऱ्यांवर काढलेल्या चपला तिथेच सोडून तात्या घरी आले, ते अनवाणीच राहिले.

तेराव्यानंतर दुसऱ्याच पहाटे कुसाबाई मळ्यात होती. झाडावर राहिलेला झेंडू वाळून काळा पडला होता. ती एकेक बोंड खुडत होती आणि वैष्णवी तिच्या पदराला धरून उभी होती. तात्यांनी बांधावरून पाहिलं आणि त्यांना तिचा रागच आला. एवढी कशी कोरडी ही बाई? डोळ्यांतून पाणी नाही, तोंडातून शाप नाही. त्यांना हे कळायला पुढे बरीच वर्षं लागली, की पोरीला पहाटे उठून जायला एक जागा हवी होती आणि म्हणून आजी उभी होती.

खटला नाशिकच्या कोर्टात चालला. साक्षीदार एकच, वैष्णवी. न्यायाधीशांनी तिला जवळ बोलावून विचारलं, “बाळ, खरं बोलायचं म्हणजे काय, माहितीये?” पोर म्हणाली, “खोटं बोललं की आज्जीला कळतं.” मग सरकारी वकिलांनी विचारलं, की तो माणूस इथे आहे का. वैष्णवीने हात वर केला आणि बोट दाखवलं. पिंजऱ्यातल्या चंदरने मान खाली घातली. तात्या मागच्या बाकावर बसले होते. त्या बोटाकडे बघून त्यांचा ऊर भरून आला. घरी आल्यावर जो भेटेल त्याला ते सांगत, “असं बोट दाखवलं पोरीनं, असं! जराबी थरथरलं नाय.” सांगताना स्वतःचं बोट समोरच्याच्या नाकासमोर नेत.

फाशीची शिक्षा झाली त्या संध्याकाळी गावाने फटाके लावले. तात्यांनी पेढे वाटले. कुसाबाईने पेढा हातात घेतला आणि जाता जाता गाईच्या तोंडात घातला. तेही तात्यांना खटकलं. पण अशी शिक्षा वरच्या कोर्टाने कायम करावी लागते, मगच खरी; तोवर चंदर येरवड्याला, तात्या अनवाणी, आणि दिवस चालले होते.

वर्षांमागून वर्षं गेली. वैष्णवी आठवीत गेली. मुंबईच्या हायकोर्टात तारीख लागल्याचा निरोप आला. कुसाबाईच्या वकिलांनी सांगितलं, की घरच्यांचं म्हणणं कोर्टापुढे मांडता येतं. कोर्ट त्याने बांधलेलं नसतं, पण आईचं म्हणणं ऐकून घेतात. तात्यांनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना ओट्यावर जमवलं. नाशिक रोडहून कुसाबाईचा भाऊ भिमाजीही आला. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेला, गळ्यात माळ घातलेला, गोड बोलणारा माणूस.

ज्ञानेश अंबडच्या कारखान्यातून नुकताच सुटून आला होता, हाताला अजून तेलाचा वास. तो म्हणाला, “मला विचाराल तर त्याला पकडला तेव्हाच उडवायला पाहिजे होता. एवढी वर्षं सरकारचं खाऊन वर अपील करू राहिला.”

तात्यांची बायको लंकाबाई म्हणाली, “नायतर काय. आपलं लेकरू गेलं आन तो तिथं दोन टाइम जेवतो.”

भिमाजी घसा खाकरून म्हणाला, “जीव देणं आपल्या हातात नाही, तर घेणंही नाही. सरकारने मारलं तरी मारणंच ते. उद्या चूक निघाली तर परत आणणार का?”

“चूक कशी निघंल मामा? पोरीनं डोळ्यानं पाहिलं!” ज्ञानेश उसळला.

कुसाबाई उंबऱ्याशी उभी राहून सुपातल्या पापडीच्या शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मी नाय म्हणणार फाशी द्या. जन्मभर आत ठेवा म्हणीन.”

भिमाजीचा चेहरा उजळला. “ताई, मला माहीत होतं. क्षमेसारखं...”

“भिमा, तू गप. क्षमा तुझ्या भजनात ठेव. म्या त्याला माफ केलं असं कोण बोललं? आजबी समोर आला तर विळी घालीन त्याच्या नरड्यात.”

“मग का?” तात्यांचा आवाज फाटला. “का वहिनी? आपल्या दीपकला शब्द दिलाय म्या! कावळा शिवलाय त्या शब्दावर! त्याचा जीव परत लटकत ठेवायचा?”

कुसाबाईने एकदा घरात नजर टाकली. आत वैष्णवी अभ्यासाला बसली होती. मग ती परत शेंगा निवडायला लागली.

तात्यांनी वहिनीशी बोलणं टाकलं. विहिरीवर पाण्याची पाळी सांगायची तरी लंकाबाईकडून निरोप. गावात कुजबुज सुरू झाली, की म्हातारीला कोणी तरी पैसे चारले असतील, नाही तर चंदरच्या घरचे पाया पडून गेले असतील. कुसाबाईच्या कानावर ते गेलं. तिने कोणाला उत्तर दिलं नाही, पण बाजारात जायची तिची वेळही बदलली नाही. ज्यांनी कुजबुज केली त्यांच्याच समोरून ती डोक्यावर टोपली घेऊन ताठ जायची. तात्यांना मनातल्या मनात मान्य करावं लागलं, की बाईला धीर आहे. मग त्या मान्य करण्याचाही त्यांना राग आला.

सर्वपित्री अमावास्येला दोन्ही घरांचं पान एकत्र ठेवायची रीत होती. अबोला असला तरी ती मोडता येईना. खीर, वडे, भात, गवारीची भाजी, सगळं केळीच्या पानावर वाढून कुसाबाईने गच्चीवर ठेवलं. तात्या काठी टेकून उभे राहिले. आंब्यावर दोन कावळे बसले होते आणि नुसतेच मान वाकडी करून बघत होते.

“बघा,” तात्या म्हणाले. इतक्या दिवसांनी वहिनीशी बोललेला तो पहिला शब्द. “बघा, रुसलाय तो. शब्द मोडायला निघाल्या ना तुमी.”

तेव्हा कुसाबाई गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसली. हात रिकामे मांडीवर ठेवले. वहिनी बसून बोलणार होती.

“भावजी, त्या दिवशी रामकुंडावर तुमी वरडले, ते समद्यांनी ऐकलं. माझ्या पदराला धरून पोर उभी होती. तुमी वरडत होते तवाच म्याबी बोलू राहिले होते. मनात नाय, तोंडानं. पण तुमच्यापुढं कोणाला ऐकू जातंय?”

“काय बोलल्या?”

“म्हटलं, दीपक, मंजे, या पोरीच्या जिवाला जन्मभर काय लागू देणार नाय. लागलं तर माझी गाठ हाय.” ती थांबली. “आन कावळा उतरला. तुमच्या शब्दाला उतरला का माझ्या, ते त्याला ठाव. म्या कधी म्हटलं नाय माझ्या म्हणून.”

तात्या काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले. इतकी वर्षं तो कावळा सबंध त्यांचा एकट्याचा होता. “मग तवाच का नाय सांगितलं?”

“तुमी जेवत नव्हते. झोपत नव्हते. आरडून तो शब्द दिला आन त्या दिवसापासून तुमी परत चालू-फिरू लागले. तेवढ्यावर उभे होते तुमी, भावजी. ते म्या कसं काढून घेऊ?”

तात्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“तुमी रोज वैष्णवीसंगं निशिगंध खुडता,” कुसाबाई म्हणाली. “कोणत्या बोटानं खुडती ती?”

“हा काय सवाल? खुडती तशी. अंगठा आन हे बोट.”

“नाय. अंगठा आन मधलं बोट. फाशी सुनावली, तुमी पेढे वाटले, त्या दिवसापासून. हे बोट वर धरती, चटका बसल्यासारखं. पेनबी तशीच धरती. शाळेत बाईंनी नकाशावर गाव दाखव म्हटलं तर तळहात ठेवती. म्या लय दिवस काय बोलले नाय. मागल्या महिन्यात तीच बोलली. म्हनली, आज्जी, त्याला फाशी दिली म्हणजे म्याच दिली ना?”

आंब्यावरचे कावळे उडाले की पानावर आले, दोघांनीही पाहिलं नाही.

“त्यानं माझं लेकरू मारलं, सून मारली,” कुसाबाईचा आवाज इतक्या वर्षांत पहिल्यांदा कापला. “आता पोरगी जन्मभर म्हणत बसंल का, की मीबी एक माणूस मारला? न्याय असंल तर असंल. ज्याला लागतो त्यानं घ्यावा. माझ्या नातीच्या बोटानं मला नको.”

खालून लंकाबाईची जेवायला हाक आली. उठताना तात्यांनी पानाकडे पाहिलं. भात आणि खीर दोन्ही संपली होती. कोणी खाल्लं ते कोणाला माहीत नव्हतं.

तात्या लगेच वितळले असं नाही. ते त्या दिवशी धड जेवले नाहीत, लंकाबाईवर खेकसले, मोटरला लाथ मारून अनवाणी पायाचा अंगठा सुजवून घेतला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे निशिगंधाच्या ओळीत ते वैष्णवीच्या समोर उभे राहिले आणि नुसते बघत राहिले. पोर भराभर कळ्या खुडत होती. अंगठा आणि मधलं बोट. पहिलं बोट बाजूला, ताठ, एखादं दुखरं बोट जपावं तसं. रोज दोन हातांच्या अंतरावरून ते हेच बघत आले होते, आणि ज्या बोटाची गोष्ट गावभर सांगत फिरले तेच त्यांना दिसलं नव्हतं. तात्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी तोंडात मारल्यासारखी.

“वैशे,” ते म्हणाले, “इकडं बघ. त्या कोर्टात तुला काय विचारलं होतं?”

पोरीचा हात थांबला. “तो माणूस हाय का, म्हणून.”

“तू काय सांगितलं?”

“हाय म्हणून.”

“खरं का खोटं?”

“खरं, तात्या.”

“झालं. तुझं काम तेवढंच होतं. फाशी तुला कोणी विचारली नव्हती आन तू मागितली नव्हती. ती म्या मागितली. रामकुंडावर, वरडून. तिचं जे काय बरंवाईट आसंल ते माझ्या डोक्यावर, तुझ्या नाय. आन आता मी ती मागणी मागं घेऊ राहिलोय. तुझ्या बापाला म्या सांगून टाकीन.”

वैष्णवी खाली मान घालून परत खुडायला लागली, मधल्याच बोटाने. शेजारच्या ओळीत कुसाबाई पाठमोरी वाकलेली होती. तिने पदर डोळ्यांना लावलेला तात्यांना दिसला. त्यांनी तिकडे न बघता टोपली उचलली.

मुंबईला कुसाबाई आणि तात्या ज्ञानेशच्या गाडीतून गेले. “मला पटलेलं नाय,” त्याने कसारा घाट उतरताना दोनदा सांगितलं, “पण काकूनं ठरवलंय तर गाडी माझीच जाईल.” कोर्टात वकिलांनी म्हणणं मांडलं. मग न्यायमूर्तींनी मराठीत विचारलं, “आजी, तुम्हाला स्वतः काही सांगायचंय?”

कुसाबाई उभी राहिली. एवढ्या मोठ्या दालनात ती आणखीच लहान दिसत होती. “सायेब, माफी नाय दिलेली. त्याला पुन्हा बाहेरचं ऊन दाखवू नका. पण माझ्या पोरीनं बोट दाखवलं ते खरं सांगायला. मारायला नाय दाखवलं. एवढं तिच्या नावावर ठेवू नका.” आणि ती खाली बसली. तात्यांचा आवाज एवढा मोठा, पण त्या दालनात त्यांना तो काढताच आला नसता. ही बाई आपल्या घरातली आहे याचा त्यांना असा अभिमान वाटला, की शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी कोपर मारून सांगितलं, “वहिनी हाय आमची.”

निकाल पुढे लागला. मरेपर्यंत जन्मठेप. कोर्टाने कारणं बरीच लिहिली होती. त्यात कुसाबाईचं बोलणं किती होतं हे वकिलांनाही सांगता आलं नाही. गावात निम्म्यांना पटलं, निम्म्यांना नाही. ज्ञानेश अजूनही नकारार्थी मान हलवतो. या वेळी फटाके वाजले नाहीत.

दसऱ्याच्या आधी कुसाबाईने फर्मान काढलं, शेवंतीला पाणी देता देता, “भावजी, आता पायात घाला काय तरी. काचा पडलेल्या असतात रस्त्यात.” तात्या वैष्णवीला घेऊन मेन रोडच्या दुकानात गेले. इतक्या वर्षांत त्यांचे पाय पसरून असे काही झाले होते, की दुकानातला पोरगा एकेक जोड आणी आणि तात्यांचा अंगठा बाहेरच राही. पोरगा दमला. तात्या ओशाळले. “राहू दे, पोरी,” ते म्हणाले, “हे पाय आता चपलांचे राहिले नाय.”

“थांबा ना तात्या. त्या बघा, त्या मोठ्या हायेत.”

“कोणत्या?”

“त्या. वरच्या फळीवर, डावीकडून दुसऱ्या.”

तात्यांनी वर पाहिलंच नाही. ते तिच्या हाताकडे बघत होते. वैष्णवी टाचा उंचावून उभी होती, हात ताणलेला, आणि पहिलं बोट फळीकडे रोखलेलं. तिच्या ते लक्षातही नव्हतं.

“हां,” तात्या म्हणाले आणि दुकानातल्या पोराकडे वळले. “त्याच दे, भाऊ. पोरगी दाखवू राहिली त्या.”